गाणं ऐकायचं की राबायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: उघड्या माळावरचा, चार दिवस चालणारा मोठा संगीत महोत्सव. राहायचं तंबूत. विचारणारी पहिल्यांदाच जाते आहे. तिकीट झेपत नाही, म्हणून स्वयंसेवक व्हावं का? काम करता करता गाणी ऐकायला मिळतात का? बरोबरच्या मैत्रिणीला गर्दीची धास्ती आहे, तर स्टेजच्या पुढे जावं की नाही? आणि बॅगेत काय भरावं?

मी या कामात वीसेक वर्षं आहे. सुरुवात गेटवर पास तपासण्यापासून झाली, मग केबल ओढल्या, बरीच वर्षं साउंडच्या टोळीत काढली, आणि आता मैदानाची आखणी आणि गर्दीचं नियोजन बघतो. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

पहिल्याच वर्षीची गोष्ट सांगतो, म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळेल. एका बँडसाठी मी नाव नोंदवलं होतं. वेळापत्रक हातात पडलं तेव्हा कळलं की त्या दिवशी माझी पाळी दुपारी चार ते मध्यरात्री, स्टेजमागच्या गाड्यांच्या गेटवर. बँड स्टेजवर आला तेव्हा मी टॉर्च हलवत पाण्याचा टँकर मागे घेत होतो. आणि स्टेजच्या मागे गाणं ऐकू येत नाही, फक्त त्याचा खालचा भाग येतो. उंच पट्टीचा आवाज स्पीकरच्या तोंडाच्या दिशेने सरळ जातो. खर्जाचा आवाज मात्र पाण्यासारखा चहूकडे पसरतो, मागेही येतो. त्यांचं सगळ्यात हळुवार गाणं मी तासभर नुसतं 'धप्, धप्' म्हणून ऐकलं. शब्द एकही नाही.

तर काम करता करता गाणी 'कानावर पडतात', ऐकायला मिळत नाहीत. ज्या दिवशी पाळी त्या दिवशी श्रोता व्हायची आशा सोडून द्यायची. पाळीआधी थकायचं नाही म्हणून दुपारी झोप, पाळीनंतर पाय बोलतात म्हणून रात्री झोप. बहुतेक ठिकाणी स्वयंसेवकाला आठ-आठ तासांच्या तीन-चार पाळ्या असतात. म्हणजे चार दिवसांतला एखादा दिवस पूर्ण तुमचा आणि बाकी तुकडे. पाळ्या वाटणारा माणूस तुमची आवड बघत नाही, रकाने बघतो. अदलाबदल करता येते, पण मुख्य कलाकाराच्या वेळेची पाळी कोण घेणार? ती तुमच्यासारख्याच नवख्याच्या गळ्यात पडलेली असते.

यावर एक तोड आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. महोत्सवाच्या दिवसांत नाही, त्याच्या आधी काम मागा. मोठ्या मैदानाची उभारणी कित्येक दिवस, अगदी मोठ्या महोत्सवांत कित्येक आठवडे आधी सुरू होते: कुंपण, जमिनीवरच्या पत्र्याच्या वाटा, पाण्याच्या नळांची ओळ, पाट्या, तंबूंच्या जागांची आखणी. या टोळीचं काम गेट उघडायच्या आत संपतं. पास हातात राहतो, पुढचे चारही दिवस मोकळे मिळतात, आणि मैदान पाठ झालेलं असतं. कुठला नळ गर्दीत कुणाला सापडत नाही, कुठल्या रांगेतली शौचालयं रिकामी असतात, हे ज्यानं पाट्या ठोकल्या त्याला माहीत. उतरवणीचं कामही असंच, शेवटच्या गाण्यानंतर सुरू होतं. पण ते मी नवख्याला सुचवत नाही. चार दिवसांच्या जागरणानंतर, रात्री, चिखलात, घाईघाईत लोखंड उतरवणं, यातच बोटं जातात. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक दुखापती उभारणीत नाही, उतरवणीत झाल्या.

स्वयंसेवक व्हावं का, याला माझं उत्तर 'कुणासाठी' यावर अवलंबून आहे. डेन्मार्कच्या रोस्किल्ड महोत्सवाचं उदाहरण घ्या. १९७१ पासून चालतो, ना-नफा तत्त्वावर, शिल्लक राहिलेला पैसा सामाजिक आणि सांस्कृतिक कामांना जातो, आणि सुमारे ३० हजार स्वयंसेवक तो उभा करतात. इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात ऑक्सफॅमसारखी सेवाभावी संस्था स्वयंसेवक पुरवते. त्यांच्या श्रमाचा मोबदला संस्थेच्या कामाला मिळतो आणि स्वयंसेवकाला प्रवेश. असल्या ठिकाणी फुकट राबण्याला अर्थ आहे. खासगी कंपनी नफ्यासाठी कार्यक्रम करते आणि स्टेजचं जड सामान उचलायला 'स्वयंसेवक' मागते, तिथे मात्र सरळ नाही म्हणा. जड उचल, उंचीवरचं काम, वीज, वाहनं ही पगारी आणि शिकलेल्या माणसांची कामं आहेत. तुम्ही फुकट केलीत तर कुणाचा तरी रोजगार जातो आणि विमाही बहुधा तुम्हाला लागू होत नाही.

कुठेही नाव द्यायच्या आधी चार गोष्टी लेखी मागा: एकूण तास, जेवणाची सोय, कामगारांची तंबूची जागा, आणि अपघात झाल्यास जबाबदार कोण. अनामत रक्कम मागतात, ती साधारण तिकिटाएवढी असते आणि पाळ्या पूर्ण केल्यावर परत मिळते. यात गैर काही नाही. पास घेऊन पसार होणारे इतके असतात की दुसरा इलाज नाही. पण परत कधी आणि कशी मिळणार हे लिहून हवं. २०१७ मध्ये बहामाजमध्ये फायर नावाचा महोत्सव गाजावाजा करून जाहीर झाला आणि सुरू व्हायच्या आतच कोसळला. पाहुण्यांचे ओले तंबू आणि पावाचे तुकडे जगभर गाजले, पण तिथले जे मजूर आणि स्वयंपाक करणारे अनेक दिवस राबले आणि ज्यांचे पैसे बुडाले, त्यांची चर्चा फार उशिरा झाली. अशा धंद्यात आधी बुडतो तो नेहमी खालचा माणूस.

आता तुम्ही काम घेतलंच असं धरून दोन-तीन गोष्टी.

वॉकी-टॉकी हातात आली की नवा माणूस बटण दाबता दाबताच बोलायला लागतो आणि पहिला शब्द गिळला जातो. तो पहिला शब्द बहुधा जागेचं नाव असतो! बटण दाबा, एक क्षण थांबा, आधी समोरच्याचं नाव घ्या, मग आपलं, मग जागा, मग काय झालं ते. 'लवकर या' हा संदेश नाही. 'दक्षिण गेट, दिवा क्रमांक सात, एक माणूस बेशुद्ध, श्वास चालू' हा संदेश. आग किंवा बॉम्ब असले शब्द उघड चॅनलवर उच्चारत नाहीत. त्यासाठी ठरलेले सांकेतिक शब्द असतात आणि ते ब्रीफिंगमध्ये, म्हणजे कामाआधीच्या सूचनांच्या बैठकीत, सांगतात. म्हणून ब्रीफिंग झोपून काढू नका.

हरवलेलं मूल सापडलं तर त्याचं नाव माइकवरून पुकारायचं नाही. ऐकायला उलटं वाटतं, पण नाव कळलं की कुणीही 'माझंच आहे' म्हणून येऊ शकतो आणि मूलही नाव ऐकून त्याच्याकडे वळतं. दोन कामगार त्याच्याजवळ थांबतात, एकटा कधीच नाही, आणि नियंत्रण कक्षाला कळवतात. न्यायला येणाऱ्यानं मुलाचं वर्णन सांगायचं, आपण सांगायचं नाही.

उष्म्यानं पडलेला माणूस आणि दारूनं पडलेला माणूस लांबून सारखेच दिसतात. उन्हात बडबडणारा, गोंधळलेला, अंग तापलेला माणूस 'प्यायलाय' म्हणून सोडून देऊ नका. वैद्यकीय पथकाला बोलवा आणि ते येईपर्यंत सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला. आणि कुणी काही घेतलं असेल तर डॉक्टरला खरं सांगा. तो पोलीस नाही, त्याला फक्त कुठलं औषध द्यायचं नाही हे ठरवायचं असतं. उलट बाजूही आहे: तासन्‌तास नाचून, भीतीपोटी लिटरच्या लिटर नुसतं पाणी पिणारेही आजारी पडतात, कारण रक्तातलं मीठ पातळ होतं. तहानेप्रमाणे प्या, मधून मधून खारट काहीतरी खा.

बाकी कामं, म्हणजे बारवर उभं राहणं, कचरा गोळा करणं, दिव्यांग प्रेक्षकांच्या उंच ओट्यावर मदत करणं, ही करता करता शिकता येतात. त्यातलं ओट्यावरचं काम मागून घ्या. पाळी असूनही स्टेज समोर दिसतं, अशी दुसरी जागा मला माहीत नाही.

आता श्रोत्याच्या बाजूनं. हा माझ्या आवडीचा भाग आहे, तेव्हा थोडं सहन करा.

आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, तेही २० अंश सेल्सियसला. म्हणजे स्टेजपासून १०० मीटरवर उभं असलेल्याला ड्रमवर काठी पडलेली आधी दिसते आणि ठोका जवळपास ०.३ सेकंदानं ऐकू येतो. मैदानाच्या मध्यावर जे स्पीकरचे मनोरे उभे असतात, ते मागच्या लोकांसाठी. त्यांचा आवाज मुद्दाम उशिरा सोडावा लागतो, नाहीतर मागच्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल. आम्ही तो हिशेबापेक्षा आणखी दहा-वीस मिलिसेकंद मागे ठेवतो. कानाची एक गंमत आहे: जो आवाज आधी पोचतो त्याच दिशेनं सगळा आवाज येतोय असं त्याला वाटतं. त्यामुळे मनोरा डोक्यावर गर्जत असतो आणि तुम्हाला वाटतं गायक समोरून गातोय. हवा थंड झाली की आवाज हळू होतो, एका अंशाला सेकंदामागे सुमारे ०.६ मीटर. दुपारच्या आणि रात्रीच्या तापमानात १५ अंशांचा फरक पडला तर १०० मीटरवर ८ मिलिसेकंदांची तफावत येते. म्हणून सूर्य मावळला की साउंडवाला लॅपटॉप घेऊन मैदानात फिरताना दिसतो. तो मेसेज बघत नसतो.

वाराही खेळ करतो. जमिनीलगत वारा मंद आणि वर जोरात असतो. त्यामुळे वाऱ्याच्या दिशेनं जाणारा आवाज खाली वाकतो आणि वाऱ्याविरुद्ध जाणारा वर उचलला जातो. एकाच अंतरावर, एका बाजूला लख्ख आणि दुसऱ्या बाजूला मध्येच गायब होणारा आवाज, हे यामुळे. तुमच्या इथे आवाज येत-जात असेल तर साउंडवाल्याला शिव्या घालण्याआधी वारा स्टेजवरून ज्या बाजूला वाहतो त्या बाजूला चालत जाऊन बघा.

मग उभं कुठे राहायचं? मैदानाच्या मध्याजवळ एक मांडव असतो, जिथे मिक्सर, म्हणजे सगळे आवाज जुळवायचं यंत्र, ठेवलेला असतो. साउंडवाला तिथे जे ऐकतो तेच जुळवतो. तुम्ही त्याच्या जरा मागे, थोडे बाजूला उभे राहिलात तर त्यानं घडवलेलं गाणं जसंच्या तसं मिळतं. अगदी मधल्या रेषेवर खर्ज जरा जास्तच वाजतो, कारण दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्पीकरांचा खर्ज तिथे एकाच वेळी पोचून एकमेकांत मिळतो. चार पावलं बाजूला सरका. अगदी पुढे कठड्याला चिकटून उभं राहिलं तर वर टांगलेले स्पीकर डोक्यावरून निघून जातात, आणि तुम्हाला ऐकू येतात ते स्टेजच्या कडेला ठेवलेले छोटे स्पीकर, वर ड्रमचा आणि वादकांच्या अँप्लिफायरचा कच्चा आवाज. पुढे जायचं ते चेहरे बघायला. गाणं ऐकायला नाही.

आणि कान झाका. ८५ डेसिबलला आठ तास ही कामगारांसाठी वापरली जाणारी मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, असा एक प्रचलित हिशेब आहे. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि असं उतरत १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये मनोरंजनाच्या ठिकाणांसाठी सांगितलेली वरची मर्यादा आहे १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबल. म्हणजे अगदी नियमात चाललेला कार्यक्रमसुद्धा पहिल्या पाव तासात त्या कामगाराच्या हिशेबातला पूर्ण दिवस संपवतो. मी पंचविशीत हे हसण्यावारी नेलं. आता माझ्या डाव्या कानात एक बारीक शिट्टी कायमची आहे, शांत खोलीत जास्तच. ती जात नाही. फेसाचे स्वस्त इअरप्लग वरचे स्वर जास्त खातात, म्हणून गाणं गोधडीखालून आल्यासारखं लागतं. वादकांसाठीचे, सगळे स्वर सारखे कमी करणारे प्लग मिळतात, ते घ्या. फेसाचेच असतील तर नीट घाला: बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हातानं कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, आत सरकवा, आणि फुलेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटानं धरून ठेवा. बहुतेक लोक नुसतं टोचून सोडून देतात आणि मग 'काही उपयोग होत नाही' म्हणतात.

मैत्रिणीच्या धास्तीबद्दल. तिला भित्री म्हणू नका, तिची शंका रास्त आहे. ३० जून २००० रोजी त्याच रोस्किल्डमध्ये, पर्ल जॅम या बँडच्या कार्यक्रमात, पावसानं निसरड्या झालेल्या जमिनीवर स्टेजपुढे लोक पडले आणि नऊ जण गेले. २४ जुलै २०१० रोजी जर्मनीच्या डुइसबर्गमध्ये लव्ह परेड या संगीत महोत्सवाला येणाऱ्या-जाणाऱ्यांचे लोंढे बोगद्यातून आलेल्या एकाच उतारावर समोरासमोर अडले. २१ जण गेले. ५ नोव्हेंबर २०२१ ला ह्यूस्टनच्या अॅस्ट्रोवर्ल्ड महोत्सवात दहा. बातम्यांत दर वेळी गर्दी 'बेफाम धावली' असं येतं. प्रत्यक्षात अशा जागी धावायला वीतभरही जागा नसते. आपल्या भाषेतला 'चेंगराचेंगरी' हा शब्दच नेमका आहे. माणूस उभ्या उभ्या चेंगरतो. चहूबाजूंच्या दाबानं छाती फुगू शकत नाही आणि श्वास थांबतो. घाबरटपणाचा संबंध फार थोडा, जागेच्या आखणीचा फार मोठा.

आम्ही माणसं चौरस मीटरमध्ये मोजतो. दोन असतील तर आरामात नाचता येतं. चार झाली की मी रेडिओ हातात घेतो. पाच-सहाच्या पुढे गर्दी माणसांची राहत नाही, द्रव पदार्थासारखी वागू लागते, तिच्यातून लाट जाते. तुम्हाला मोजता येणार नाही, म्हणून अंगानं ओळखा. खाली वाकून बुटाची नाडी बांधता येते का? येत असेल तर ठीक. जागच्या जागी वळताना दोन्ही खांदे घासतायत का? मग निघायची वेळ झाली. तुम्ही न ठरवता तुमचे पाय सरकतायत का? मग उशीर झालाय, आता नीट ऐका.

हात छातीपुढे आणा, कोपर दुमडून, मुष्टियोद्ध्यासारखे. छातीपुढे तेवढी जागा राहते आणि श्वास चालतो. ओरडण्यात श्वास घालवू नका. ढकलीच्या विरुद्ध जोर लावू नका. लाट आली की तिच्याबरोबर जा, ती ओसरली की तिरपं, कडेच्या दिशेनं दोन पावलं टाका, परत थांबा. फोन पडला तर गेला, वाकायचं नाही. पडलातच तर कुशीवर वळून, गुडघे पोटाशी, हात डोक्यावर, आणि मिळेल त्याचा हात धरून उठा. पुढच्या कठड्यापाशी असाल तर मागे यायचा प्रयत्न सोडा आणि पुढच्या सुरक्षारक्षकांकडे हात करा. तिथले लोखंडी कठडे आतल्या बाजूला पायरीचे असतात, त्या पायरीवर उभं राहून ते तुम्हाला उचलून काढतात. हे काम ते रात्रीत शेकडो वेळा करतात, लाजायचं कारण नाही.

मैत्रिणीसाठी चांगली जागा तीच, मिक्सरच्या मांडवाच्या मागची. मांडवाभोवती कठडा असतो, तो प्रवाहातल्या खडकासारखा रेटा दोन बाजूंना फोडतो आणि मागे निवांत जागा उरते. मांडवाच्या पुढे, कठडा पाठीला लावून मात्र उभं राहू नका. मागे सरकायला जागा नसते. आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच, पोचल्या पोचल्या, दोघींनी बाहेर जायच्या दोन वाटा चालून बघा. आलो त्याच वाटेनं सगळे परत जायला बघतात. दुसरी वाट बहुधा जवळची आणि रिकामी असते.

एक लक्षात ठेवा, कार्यक्रम थांबवता येतो. गर्दी बिघडली तर आवाज बंद, मैदानाचे दिवे चालू, माइकवरून शांत सूचना, असा क्रम ठरलेला असतो आणि थांबवण्याचा अधिकार कुणाला ते कागदावर असतं. निदान असायला हवं. एकदा एका आयोजकाकडे मी विचारलं, 'थांबवा असं कोण म्हणणार?' तर तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो कार्यक्रम मी सोडला. दिवे अचानक लागले तर हुर्यो न करता जागच्या जागी थांबा, माणसं काढायला वाव मिळतो.

हवामान हा दुसरा शत्रू. २०११ च्या ऑगस्टमध्ये पाच दिवसांच्या अंतरानं दोन दुर्घटना झाल्या: १३ तारखेला अमेरिकेत इंडियाना स्टेट फेअरमध्ये वाऱ्याच्या झोतानं स्टेजचं छप्पर कोसळून सात जण गेले, १८ ला बेल्जियमच्या पुकेलपॉप महोत्सवात वादळात पाच. स्टेजचं छप्पर आणि बाजूचे मोठे पडदे म्हणजे शिडं असतात. म्हणून छपरावर वारा मोजायचं यंत्र असतं आणि ठरावीक वेगाला ठरावीक काम होतं: आधी पडदे खाली, मग स्पीकर खाली, मग माणसं लांब. कडक ऊन असताना अचानक स्पीकर खाली येताना दिसले तर ती तुमचीही सूचना आहे. मनोऱ्यांपासून आणि मोठ्या तंबूंपासून दूर व्हा. विजेसाठी सोपा नियम: चमक आणि गडगडाटात ३० सेकंदांहून कमी अंतर असेल तर आसरा घ्या आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथेच राहा. तंबू हा आसरा नाही, पत्र्याच्या छपराची बंद मोटार आहे. पाऊस जास्त झाला तर काय होतं हे २०२३ मध्ये जर्मनीतल्या वाकेन महोत्सवात दिसलं: चिखलात गाड्या रुतायला लागल्या आणि प्रवेशच बंद करावा लागला, तिकीट असलेले हजारो लोक वाटेतून परतले. लांबून जाणार असाल तर निघायच्या सकाळी महोत्सवाची सूचना वाचून मगच निघा.

तंबू सखलात लावू नका, रात्रीचा पाऊस तिथेच जमतो. वाटेच्या कडेलाही नको, अंधारात दोऱ्यांना अडखळून माणसं अंगावर पडतात. शौचालयापासून दोन मिनिटांचं अंतर ठेवा, आणि वाऱ्याची दिशा बघा हे सांगायला नको. थंडी वाजली म्हणून शेगडी किंवा विझत आलेले निखारे तंबूत घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस झोपेतून उठत नाही, एवढंच.

शौचालयाची रांग दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात सगळ्यात लांब असते. कार्यक्रमाच्या तिसऱ्या-चौथ्या गाण्याला जा. फोनचं नेटवर्क संध्याकाळी बसतं. कॉल लागत नाहीत पण साधा एसएमएस बरेचदा उशिरा का होईना पोचतो. भेटायची जागा 'स्टेजजवळ' ठेवू नका. दिव्याच्या खांबांना क्रमांक असतात, तो क्रमांक आणि वेळ ठरवा: चुकामूक झाली तर दर तासाच्या ठोक्याला त्या खांबाखाली. शेवटच्या रात्री मुख्य कलाकाराचं शेवटचं गाणं संपलं की सगळं मैदान एकदम गेटकडे वळतं. एक तर दोन गाणी आधी निघा, नाहीतर तिथेच बसून पाऊण तास गप्पा मारा. मधला पर्याय म्हणजे तोच पाऊण तास उभ्यानं रांगेत.

बॅगेचं थोडक्यात. पायात घोट्यापर्यंतचे, आधीपासून वापरलेले बूट. नवे कोरे बूट पहिल्याच दिवशी फोड आणतात. उभारणीच्या टोळीत जाणार असाल तर पुढे पोलादी टोपी असलेले बूट आणि हातमोजे, ते बहुधा स्वतःचेच लागतात. रेनकोट, छत्री नाही. छत्रीनं मागच्याचं स्टेज झाकतं आणि बऱ्याच ठिकाणी ती गेटवर काढून घेतात. कपाळाला बांधायचा टॉर्च. रिकामी पाण्याची बाटली, नळ आत असतात. पॉवर बँक, इअरप्लगच्या दोन जोड्या, रोजची औषधं मूळ वेष्टनात. ओळखपत्राचा फोटो फोनमध्ये आणि एका कागदावर दोन फोन नंबर, कारण फोन बंद पडला की एकही नंबर पाठ नसतो. आणि मोज्यांची एक कोरडी जोडी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून तळाशी ठेवा. काहीही झालं तरी ती चौथ्या दिवसाच्या सकाळपर्यंत उघडू नका.